पेटाऱ्यातले अंक आणि फ्लोरिडाचा शिक्का

फोंडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून मुद्द्यापुरतं देते.

"माझे काका बोटीवर नोकरीला होते. १९७० च्या दशकात सुट्टीवर येताना ते इंग्रजी कॉमिक्स घेऊन यायचे. काकांनी लग्न केलं नव्हतं, दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा चवथीच्या आधी माळा झाडायला काढला तेव्हा त्यांचा पेटारा उघडला. आत साठेक अंक निघाले. स्पायडरमॅनचे बरेच, त्यात १२१ नंबरचा आहे. ड्रॅक्युलाचा १० नंबर, बॅटमॅन २३२, हल्कचे सात-आठ, थोडे आर्ची. तळाशी मराठी इंद्रजाल कॉमिक्स, काही सुटे आणि काही बाइंडिंग करून घेतलेले. भाचा बेंगळुरूला असतो. तो म्हणतो, सगळे अमेरिकेला ग्रेडिंगसाठी, म्हणजे दर्जाचा आकडा लावून घ्यायला पाठव, एकेकाचे हजारो डॉलर येतील. म्हापशाचा एक जुन्या पुस्तकांचा व्यापारी सगळ्यांचे मिळून पन्नास हजार रोख द्यायला तयार आहे. मी इंटरनेटवर पाहिलं तर चांगल्या अंकांच्या किमती शंभर ते पाचशे डॉलरच्या मध्ये दिसतात. मग ग्रेडिंगचा खर्च करावा का? काही अंकांवर किंमत सेंटमध्ये आहे, काहींवर पेन्समध्ये. पेन्सवाले नकली तर नव्हेत? आणि बऱ्याच अंकांच्या पिना गंजल्यात, त्या बदलून पाठवू का?
– पेटाऱ्याचा वारस"

वारसबाब,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण हे छापून येईपर्यंत तुम्ही पक्कड घेऊन बसला असाल तर पंचाईत व्हायची. पिना बदलू नका. गंजलेली पिन हा दोष आहे आणि त्यामुळे अंकाचा दर्जा उतरतो, हे खरं. पण बदललेल्या पिनेची नोंद अंकावर हात फिरवल्याची म्हणून होते, आणि जुन्या अंकांच्या बाजारात गंजापेक्षा तिची भीती जास्त. त्याच न्यायाने चिकटपट्टी सोलू नका, फाटलेल्या कडेला गोंद लावू नका, मुखपृष्ठावरचा पांढरा ओरखडा स्केचपेनने भरू नका. आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून इस्त्री फिरवण्याचा सल्ला घरातलं कोणी देत असेल तर इस्त्रीच लपवून ठेवा. रंग भरलेला किंवा गोंदाने सांधलेला अंक ग्रेडिंगवाल्यांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. त्याला दुरुस्ती झाल्याचं सांगणारं जांभळं लेबल लागतं, आणि जांभळ्या लेबलाच्या अंकाला त्याच दर्जाच्या, हात न फिरवलेल्या निळ्या लेबलाच्या अंकापेक्षा बरीच कमी किंमत येते.

आता मूळ प्रश्न. भाचा म्हणतो ते ग्रेडिंग म्हणजे काय, ते आधी नीट बघू. या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी सीजीसी, २००० साली सुरू झालेली, फ्लोरिडातल्या सारासोटा शहरात. तिच्यानंतर २०१४ मध्ये सीबीसीएस आली. अंक पाठवायचा, तिथले लोक तो पानन् पान तपासतात, कुठे रंग भरलाय का, कडा कापल्यात का हे बघतात, ०.५ ते १० या मापावर एक आकडा देतात, पानं किती पिवळी पडलीत तेही लेबलावर लिहितात आणि अंक प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत बंद करून परत पाठवतात. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. एकदा अंक स्लॅबमध्ये गेला की तो वाचता येत नाही. डबी फोडली की आकडाही गेला.

सोन्यावरच्या हॉलमार्कचं जे काम, तेच या आकड्याचं. हॉलमार्कने बांगडीत गुंजभरही सोनं वाढत नाही, अनोळखी गिऱ्हाइकाच्या मनातली शंका तेवढी जाते. तेव्हा ग्रेडिंगचे पैसे भरताना तुम्ही अंकावर खर्च करत नसता. अमेरिकेतल्या ओहायोत बसलेल्या, तुमचं नावही न ऐकलेल्या माणसाची शंका विकत घेत असता. म्हणून प्रत्येक अंकापुरता प्रश्न एवढाच: त्या माणसाला शंका घ्यायला जागा किती आहे, आणि त्या शंकेवर किती डॉलर टांगलेत?

हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमच्या अंकांचे नव्हेत. समजा, तुमच्या मते ५.० दर्जाचा एक अंक आहे. तो तसाच विकला तर अडीचशे डॉलर येतात आणि ५.० चा शिक्का असेल तर तीनशे तीस. वरवर पाहता ऐंशीचा फायदा. विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन तेरा टक्के धरलं तर ते दोन्हीकडून वजा होऊन फरक उरतो सत्तरच्या आसपास. त्यातून ग्रेडिंगचे समजा पंचेचाळीस. जाण्यायेण्याचं टपाल, विमा, मध्यस्थाचं शुल्क यात त्या अंकाचा वाटा पस्तीस, आणि तोही पाच-सहा अंक एकत्र पाठवले तर. म्हणजे ऐंशी घालून सत्तर आले. वर काही महिने अंक सातासमुद्रापार, आणि तुम्ही रोज ट्रॅकिंग नंबर टाकून बघताय. शिवाय तुम्ही ५.० समजलात आणि तिकडून ४.० आलं, तर शिक्क्यासकट दोनशे साठ मिळतील. मग तोटा सत्तर डॉलरचा.

तोच हिशेब महागड्या अंकाला लावून बघा. बिनशिक्क्याचा नऊशेला जातो, शिक्क्याचा बाराशेला. कमिशन जाऊन फरक दोनशे साठचा. अंकाची किंमत चढली की ग्रेडिंगच्या दराची पायरीही चढते, म्हणून शुल्क शंभर धरू आणि टपाल-विमा चाळीस. तरी हातात सव्वाशेच्या जवळ उरतात. टक्केवारीने पाहिलं तर दोन्ही अंकांत शिक्क्याची कमाई जवळपास सारखीच आहे. पण खर्च किमतीच्या प्रमाणात खाली येत नाही, आणि नफा मात्र येतो. शंभर ते पाचशेच्या पट्ट्यातला अंक नेमका या दोन्हींच्या कात्रीत सापडतो. म्हणून भाच्याचं 'सगळे पाठव' मला अजिबात पटत नाही. पाठवायचे ते मोजके, निवडून.

सीजीसीचे दर बदलत असतात, म्हणून पाठवण्याच्या दिवशीचे बघा. साधारण रचना अशी की १९७५ पासूनचे अंक 'मॉडर्न' या स्वस्त दरात जातात आणि त्याआधीचे 'व्हिंटेज' या थोड्या महाग दरात, दोन्हींना किमतीची कमाल मर्यादा असते. काकांचे बरेचसे अंक दुसऱ्या गटात पडतील.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे, आणि ते फोंड्यातच बसून होतं. दर्जा स्वतः ठरवायचा, आणि कडकपणे ठरवायचा. भाच्याने जे 'हजारो डॉलर' पाहिले ते बहुधा ९.६ किंवा ९.८ चे. त्या दर्जाचा अंक दुकानातून थेट पिशवीत आणि पिशवीतून थंड, कोरड्या खोलीत गेलेला असतो. तुमचे अंक बोटीच्या केबिनमधून आले, घरातल्या सगळ्या पोरांनी पालथे पडून वाचले, आणि मग पन्नास पावसाळे अंत्रुजातल्या, म्हणजे आपल्या फोंड्याच्या, माळ्यावर राहिले. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हाची कॉमिक्स वर्तमानपत्राच्याच जातीच्या स्वस्त कागदावर छापलेली. त्या कागदात आम्ल तयार होत राहतं, पानं पिवळी, मग तपकिरी होतात आणि शेवटी मोडायला लागतात. ओलाव्याने हे सगळं लवकर होतं. वर कसर, वाळवी आणि बुरशी आहेतच. माळ्यावरचे अंक ३.० ते ६.० च्या मध्ये आले तर ते चांगलं नशीब समजा. त्यापेक्षा वरचा एखादा निघाला तर आनंदच, पण त्यावर हिशेब बांधू नका.

कोरड्या दिवशी, खिडकीच्या उजेडात, हात धुऊन पुसून बसा. जेवणाच्या टेबलावर नको, तिथे हमखास कोणीतरी चहा आणून ठेवतं. कण्यापासून सुरुवात करा: कण्यावर बारीक आडव्या चिरा किती, आणि चिरेत रंग तुटून पांढरं दिसतंय का. मग पिना: नुसत्या काळवंडल्यात, की गंज कागदात उतरून तपकिरी डाग पडलाय. दुसरी गोष्ट बरीच वाईट. मधलं जोडपान पिनेला धरून आहे की निसटलंय. पानं मोजा. १९७० च्या दशकातला साधा अमेरिकन अंक मुखपृष्ठ सोडून बत्तीस पानांचा असायचा. जाहिरातीतलं कूपन कोणी कापलंय का बघा. घरातल्या कुठल्यातरी पोराने कात्री चालवलेली असतेच.

आणि कात्रीवरून हल्क. तुम्ही 'सात-आठ' असं मोघम लिहिलंय, नंबर बघा. नोव्हेंबर १९७४ चा १८१ नंबरचा अंक त्यात असेल तर तो या चर्चेत बसतच नाही. 'एक्स-मेन'मधला वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण कथेत आला तो हा अंक, आणि जीर्ण प्रतही शंभर ते पाचशेच्या मधल्या किमतीच्या खूप वर असते. मात्र त्या वर्षांत मार्व्हलने, म्हणजे हल्क-स्पायडरमॅनच्या प्रकाशकांनी, एक उद्योग केला होता. १९७४ पासून दोनेक वर्षं अंकांच्या पत्रांच्या पानावर छोटे 'व्हॅल्यू स्टॅम्प' छापायचे आणि पोरांनी ते कापून वहीत चिकटवायचे. पोरांनी इमानेइतबारे कापले. १८१ मध्येही असा स्टॅम्प आहे, आणि तो नसेल तर अंक अपूर्ण धरला जातो, किंमत धाडकन खाली येते. बाहेरून अंक कितीही देखणा असो, गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न 'स्टॅम्प आहे का' हाच असतो. शंकेवर सर्वांत जास्त डॉलर टांगलेले अंक म्हणतात ते असे. हा निघाला तर डोळे मिटून ग्रेडिंग करा, ३.० चा असला तरी.

तुमच्या यादीतले बाकीचे तीन. स्पायडरमॅन १२१, जून १९७३, त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्या मृत्यूचा अंक. 'टूम ऑफ ड्रॅक्युला' १०, जुलै १९७३, रक्तपिपासूंची शिकार करणाऱ्या ब्लेडचा पहिला अंक. बॅटमॅन २३२, जून १९७१, त्यात रास अल गुल हा खलनायक पहिल्यांदा येतो. तिन्ही नावाजलेले, गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही. असल्या अंकांना दर्जाच्या दर पायरीगणिक किंमत बदलते, म्हणून या तिघांचा हिशेब कागदावर मांडण्याजोगा आहे. बाकीचे स्पायडरमॅन, ज्यांत कोणी मेलं नाही आणि कोणी नवं आलं नाही, त्यांचा हिशेब मांडूच नका. त्यांत ग्रेडिंगचं शुल्कसुद्धा निघायचं नाही. आर्चीही तसेच ठेवा. पाहुण्यांच्या मुलांना वाचायला द्या.

किंमत बघताना एक खोड सोडा. कोणी किती मागतोय ते बघू नका, कितीला विकलं गेलं ते बघा. ईबे या विक्रीच्या संकेतस्थळावर फक्त विकले गेलेले अंक दाखवणारी निवड असते. डॅलसच्या हेरिटेज या लिलावगृहाच्या संकेतस्थळावर जुन्या लिलावांचे भाव बघायला मिळतात. प्रत्येक अंकासाठी तीन आकडे लिहून काढा: तुम्ही ठरवलेल्या दर्जाचा बिनशिक्क्याचा भाव, त्याच दर्जाचा शिक्क्याचा भाव, आणि एक पायरी खालच्या दर्जाचा शिक्क्याचा भाव. तिसऱ्या आकड्यातूनही खर्च वजा होऊन पहिल्यापेक्षा जास्त उरत असेल, तर पाठवा. दुसऱ्याच आकड्यावर उड्या मारणारे लोक नंतर मला पत्रं लिहितात, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे काहीच उत्तर नसतं.

दुसऱ्या बाजूचंही एक म्हणणं आहे, ते सांगायला हवं. वरच्या हिशेबात बिनशिक्क्याचा भाव मी अमेरिकेतल्या अमेरिकन विक्रेत्याचा धरला. तुमचं ईबेवर खातंही नसेल. भारतातल्या नव्या विक्रेत्याकडून, फक्त फोटो बघून, अडीचशे डॉलरचा अंक घ्यायला लोक कचरतात, आणि कचरले की भाव पाडून मागतात. तुमच्यासाठी बिनशिक्क्याचा खरा भाव दोनशेही असू शकतो. तेवढ्याने काठावरचा अंक ग्रेडिंगच्या बाजूला झुकतो. म्हणून १२१ आणि ड्रॅक्युला १० जर ४.५ च्या वर असतील असं तुम्हाला कडक नजरेने वाटलं, तर ते पाठवा असंच मी म्हणेन. बॅटमॅनचं काय करायचं ते त्यानंतर बघा.

प्रेसिंगबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण अर्ज भरताना पर्याय दिसेल. उष्णता, दमटपणा आणि दाब देऊन कागद सपाट करायचं हे काम आहे, आणि सीजीसी त्याला दुरुस्ती धरत नाही. रंग न तुटता पडलेली घडी, दबलेला कोपरा, सर्दावून कागदाला आलेली लाट, हे त्याने पुष्कळ सुधारतं. गोव्यातल्या अंकांना ही लाट असतेच, त्यामुळे आपल्या लोकांना प्रेसिंगचा उपयोग जरा जास्तच. गंज, डाग, तुटलेला रंग, पिवळेपणा यांवर ते काही करू शकत नाही. लाट हाच मुख्य दोष असेल तर घ्या, गंज असेल तर पैसे वाचवा.

पेन्सवाले अंक नकली नाहीत. अमेरिकेतल्या त्याच छापखान्यात, त्याच छपाईच्या वेळी, ब्रिटनला पाठवायच्या प्रतींवर पेन्सची किंमत छापायचे. काका इंग्लंडच्या बंदरात उतरले असतील तेव्हा घेतलेले हे अंक. फेब्रुवारी १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान चलन घेतलं, त्यामुळे त्याआधीच्या अंकांवर शिलिंग आणि जुने पेन्स दिसतील, नंतरच्यांवर नवे. अमेरिकन संग्राहक सहसा सेंटवाल्या प्रतीला जास्त भाव देतात, पेन्सच्या प्रती संख्येने कमी असूनही. ब्रिटनमध्ये मात्र त्यांचे खास चाहते आहेत. भाव शोधताना पेन्सच्या प्रतीची तुलना पेन्सच्याच प्रतीशी करा, नाहीतर सगळा हिशेब चुकेल. आणि पेन्सची प्रत मधल्या किमतीची असेल तर मी ग्रेडिंगपासून एक पाऊल आणखी मागे सरकेन.

आता पेटाऱ्याच्या तळाशी जे आहे त्याकडे. तुम्ही ते 'तळाशी' म्हणून लिहिलंत, पण मला त्याचंच जास्त कुतूहल आहे. टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये काढलं, १९९० मध्ये बंद केलं. आठशेहून अधिक अंक निघाले. पहिले बत्तीस अंक वेताळाचे. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. यातले सुरुवातीचे अंक, त्यातही मराठी, चांगल्या स्थितीत असतील तर त्यांना मागणी आहे. पण ती मागणी करणारा माणूस सारासोटात नाही. तो पुण्यात, मुंबईत, नागपुरात, नाहीतर तुमच्याच शेजारी मडगावात आहे. त्याला अंक हातात धरून, उघडून, वास घेऊन बघायचाय. प्लास्टिकमध्ये सीलबंद वेताळ घेऊन तो काय करणार? हा गिऱ्हाईक तुमच्याशी फोनवर बोलेल, व्हिडिओवर एकेक पान उलटून बघेल, जमलं तर गाडी काढून फोंड्याला येईल. शंका मिटवायला त्याला फ्लोरिडाची गरज नाही. मराठी इंद्रजाल ग्रेडिंगला पाठवू नका.

बाइंडिंग केलेले खंड तर मुळीच नाही. आपल्याकडे बाइंडर दहा-बारा अंक एकत्र शिवायचे आणि कडा सरळ याव्यात म्हणून कटरखाली तिन्ही बाजू कापायचे. कापलेली कड ग्रेडिंगमध्ये दुरुस्तीच्याच खात्यात जाते. काकांनी मार्व्हलचेही काही अंक असे बांधून घेतले असतील तर त्यांचं स्लॅबचं स्वप्न तिथेच संपलं. खंड उसवून अंक सुटे करू नका. सुट्या, शिवणीची भोकं पडलेल्या, कडा कापलेल्या अंकापेक्षा अख्खा खंड घेणारा माणूस लवकर भेटतो. खंडाच्या पहिल्या पानावर काकांचं नाव आणि साल असेल तर ते पुसू नका. इंद्रजालच्या बाजारात असल्या नावांनी कोणाचं काही बिघडत नाही.

एक नाजूक गोष्ट. काकांनी लग्न केलं नव्हतं म्हणता, म्हणजे पेटाऱ्यावर तुमच्या भावंडांचा आणि बहुधा चुलत भावंडांचाही हक्क निघू शकतो. गोव्यात वारसाचा विषय निघाला की इन्व्हेंटरीपर्यंत, म्हणजे वाटणीच्या कोर्टापर्यंत, जायला वेळ लागत नाही, आणि साठ कॉमिक्सपायी कोणी तिथे जाऊ नये. 'जुनी पुस्तकं' म्हणून आज कोणी विचारणार नाही. ड्रॅक्युलाचे तीनशे डॉलर आले असं भाच्याच्या तोंडून बाहेर पडलं की सगळे विचारतील. पाठवण्याआधी घरच्या ग्रुपवर यादी टाका, किंमतींसकट, आणि ग्रेडिंगचा खर्च कोण उचलणार तेही तिथेच ठरवा. वकिलाची गरज पडू नये, पण वाटणी झालेली नसेल तर एकदा विचारून घेतलेलं बरं.

पाठवायचं ठरलं तर पावसात पाठवू नका. ऑक्टोबर सरू द्या, हवा कोरडी होऊ द्या. भारतातून एकट्याने पार्सल करण्यापेक्षा, अनेकांचे अंक एकत्र करून सीजीसीला नेणारा विश्वासू मध्यस्थ मिळाला तर टपालाचा वाटा कमी होतो. त्याच्यामार्फत ज्यांचे अंक परत आलेत अशा दोघा-तिघांशी बोलून घ्या. स्वतः पाठवत असाल तर आधी पणजीच्या मुख्य टपाल कार्यालयात किंवा कुरियरकडे जाऊन अमेरिकेच्या पार्सलचे त्या वेळचे नियम विचारा, आणि आपलाच माल तपासणीसाठी जाऊन परत येणार आहे असं कागदोपत्री नोंदवा. नाहीतर परतीच्या वेळी कस्टमवाले ते नवी खरेदी समजू शकतात. प्रत्येक अंकाचे पुढून, मागून, कण्याचे आणि मधल्या पानाचे फोटो जाण्याआधी काढून ठेवा. स्लॅबच्या डब्या उघडून आतला अंक बदलण्याचे प्रकार अमेरिकेत उघडकीस आलेले आहेत. तुमचे फोटो तुमच्याकडे असलेले बरे.

स्लॅब परत आला की तो माळ्यावर टाकून चालणार नाही. ती डबी हवाबंद नसते. आपला जुलै तिच्या आतही पोचतो. स्लॅब असो वा सुटे अंक, जागा एकच: बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट, मधल्या खोलीतलं, जमिनीपासून वर, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर पावसाळ्यात त्या बदलायची आठवण. सुट्या अंकांना पॉलिएस्टरच्या पिशव्या आणि पाठीला आम्लविरहित पुठ्ठा. हे साहित्य ऑनलाइन मिळतं, ग्रेडिंगच्या मानाने स्वस्त आहे, आणि साठच्या साठ अंकांना उपयोगी पडतं. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर यावर घाला. डांबराच्या गोळ्या नकोत. तो वास कागदात बसला की जात नाही आणि गिऱ्हाईक पाकीट उघडताच नाक मुरडतं.

म्हापशाच्या व्यापाऱ्याला आज हो म्हणू नका. पन्नास हजार ही फसवणूकच असं मी म्हणत नाही. हल्क १८१ नसेल आणि बाकीच्यांची स्थिती वाईट असेल तर साठ अंकांना ती ठीकठाक रक्कम असेल. पण तो सगळ्यांचे मिळून देतोय, म्हणजे त्याने पेटाऱ्यात काहीतरी पाहिलंय. त्याला सांगा की नावाजलेले अंक आणि इंद्रजाल बाजूला काढलेत, उरलेल्याला काय देता. त्याच्या उत्तरावरून पुष्कळ कळेल. आकडा फारसा खाली आला नाही तर उरलेले खुशाल द्या. धाडकन कोसळला तर बाजूला काढलेल्यांतल्या कुठल्या अंकावर त्याचा डोळा होता ते सरळ विचारा. सांगणार नाही, पण यादी पुन्हा एकदा तपासायला तुम्हाला कारण मिळेल.

भाच्याला मात्र रिकामा सोडू नका. साठ अंकांचे फोटो, नंबर, आणि विकल्या गेलेल्या भावांचा तक्ता करणं हे त्याच्या जोगतं काम आहे, बेंगळुरूतून होणारं. तक्ता झाला की हल्कचे नंबर मला कळवा.